गिअरबॉक्सचा आवाज दुरुस्तीनंतरही परत येतो, तेव्हा काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

मॅन्युअल गिअरबॉक्स घरघरायला लागला, उघडला, बेअरिंग बदललं, हजार-दोन हजार किलोमीटर गाडी शांत चालली आणि पुन्हा तोच आवाज सुरू झाला, ही तक्रार फार सर्रास ऐकू येते. तिच्या मुळाशी बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट असते. एकतर बदललेला भाग मुळात खराब नव्हता आणि आवाज दुसरीकडून येत होता. नाहीतर भाग खराब होता हे खरं, पण तो ज्या कारणाने गेला ते कारण तसंच राहिलं: कमी तेल, चुकीचं तेल, गळकं सील (तेल अडवणारी रबरी कड), तिरकी बसलेली बेल हाउसिंग (क्लचभोवतीचं, इंजिनाला जोडणारं आवरण), न मोजता टाकलेले शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या). दोन्ही चुका गिअरबॉक्स खाली उतरवण्याआधीच टाळता येतात, आणि त्यासाठी लागणारा तपास तासाभराचा आहे.

आवाज कसा आहे यापेक्षा तो केव्हा येतो आणि केव्हा थांबतो, याला जास्त महत्त्व द्या. वर्णन माणसागणिक बदलतं. एकाला जी घरघर वाटते ती दुसऱ्याला शिट्टी वाटते. पण क्लच दाबल्यावर आवाज थांबतो की नाही, याचं उत्तर कोणीही ऐकलं तरी एकच येतं.

आत काय फिरतं आणि केव्हा

आजच्या गिअरबॉक्समध्ये पुढच्या सगळ्या गिअरचे दात कायम एकमेकांत अडकलेले असतात. गिअर टाकताना दात जुळत नाहीत. शाफ्टवर मोकळा फिरणारा गिअर स्लीव्ह नावाच्या सरकत्या कड्याच्या मदतीने शाफ्टला जखडला जातो, एवढंच होतं. त्यामुळे न्यूट्रलमध्ये, क्लचवर पाय नसताना, आत बरंच काही फिरत असतं.

पुढची चाकं चालवणाऱ्या बहुतेक गाड्यांत दोन शाफ्टचा गिअरबॉक्स असतो आणि डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची जोडणी) त्याच केसिंगमध्ये असतं. न्यूट्रलमध्ये इनपुट शाफ्ट फिरतो, त्यावरच्या पक्क्या गिअरमुळे आउटपुट शाफ्टवरचे मोकळे गिअर आपापल्या नीडल बेअरिंगवर (बारीक सळ्यांच्या बेअरिंगवर) फिरतात, पण आउटपुट शाफ्ट स्वतः थांबलेला असतो. मागची चाकं चालवणाऱ्या गाड्यांत साधारणपणे तीन शाफ्ट असतात: इनपुट, खालचा लेशाफ्ट आणि मागचा आउटपुट शाफ्ट. तिथे न्यूट्रलमध्ये इनपुटसोबत लेशाफ्टही फिरतो. क्लच पूर्ण दाबला की दोन्ही रचनांत इनपुट शाफ्ट एक-दोन सेकंदांत थांबतो, आणि पेडल दाबताक्षणी रिलीज बेअरिंगवर (क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर) भार येतो. पुढचा सगळा तपास या साध्या गणितावर चालतो.

उभ्या गाडीवरची चाचणी

सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, चाकांमागे ठोकळे, इंजिन गरम. रेडिओ, एसी, पंखा बंद. शक्य असेल तर एकाने आत बसावं आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून बाहेरून ऐकावं.

१. न्यूट्रल, क्लच पूर्ण सोडलेला. आवाज आहे की नाही, ते नोंदवा.
२. पेडल फक्त ढिलाई संपेपर्यंत, म्हणजे बोटभर दाबा. क्लच अजून सुटलेला नसावा.
३. पेडल तळापर्यंत दाबा आणि पाच सेकंद धरून ठेवा.
४. पेडल तळाशीच ठेवून पहिला गिअर टाका. गाडी हलू देऊ नका.
५. पुन्हा न्यूट्रल, क्लच सोडा, इंजिन हळूहळू २,०००–२,५०० फेऱ्यांवर न्या.

पहिल्या पायरीत आवाज आहे आणि तिसऱ्या पायरीत तो विरत जाऊन थांबतो, तर संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर, आणि तीन शाफ्टच्या गिअरबॉक्समध्ये लेशाफ्टच्या बेअरिंगवरही. पाचव्या पायरीत हाच आवाज फेऱ्यांबरोबर चढत जायला हवा. तो चढण्याऐवजी १,२००–१,५०० फेऱ्यांच्या वर नाहीसा होत असेल, तर ते बेअरिंग नव्हे. तो आयडलिंगचा खडखडाट आहे आणि त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे, कारण याच ठिकाणी सर्वांत जास्त चांगले गिअरबॉक्स विनाकारण उघडले जातात.

दुसऱ्या पायरीतच आवाज सुरू झाला किंवा असलेली चिवचिव थांबली, तर रिलीज बेअरिंगकडे पाहा. हायड्रॉलिक क्लचमध्ये आणि आपोआप जुळणाऱ्या केबलमध्ये हे बेअरिंग क्लचच्या डायाफ्राम स्प्रिंगच्या बोटांना कायम हलकं टेकलेलं असतं. टेकण्याचा दाब कमी पडला की ते घसरत फिरतं आणि चिवचिवतं. पायाचा जरा भार पडला की गप्प होतं. अशा वेळी नुसतं बेअरिंग बदलून भागत नाही. ते ज्या नळीवर सरकतं तिच्यावरचे चरे, ते सरकवणाऱ्या फोर्कचा झिजलेला टेकू आणि वाकलेली क्लिप या तिन्ही गोष्टी बघाव्या लागतात. नळीवर नखाला जाणवेल एवढा चरा असेल तर नळीही बदला, नाहीतर नवं बेअरिंग तिरकं सरकत राहील.

आवाज पेडल तळाशी गेल्यावरच येतो आणि चौथ्या पायरीत सर्वांत स्पष्ट ऐकू येतो, तर तो पायलट बेअरिंगचा. क्रँकशाफ्टच्या टोकातल्या या छोट्या बेअरिंगला काम तेव्हाच पडतं, जेव्हा क्रँकशाफ्ट फिरतोय आणि इनपुट शाफ्ट थांबलाय. सगळ्या गाड्यांत ते नसतं. पुढची चाकं चालवणाऱ्या अनेक गिअरबॉक्समध्ये इनपुट शाफ्टचं टोक क्रँकशाफ्टपर्यंत जातच नाही.

रस्त्यावरची चाचणी

मोकळा, सरळ रस्ता हवा. आधी प्रत्येक गिअरमध्ये तीन अवस्था ऐका: ॲक्सिलरेटर दाबून वेग घेताना, एकसारख्या वेगाने जाताना आणि ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्येच वेग कमी होऊ देताना. दाताची एक बाजू ओढताना काम करते, दुसरी बाजू वेग उतरताना. तिरक्या दातांमुळे शाफ्टवर लांबीच्या दिशेने जोर येतो आणि ॲक्सिलरेटर सोडला की तो जोर उलटतो. म्हणून फक्त ओढताना किंवा फक्त सोडल्यावर येणारा आवाज दाताची एक बाजू झिजल्याचं किंवा शाफ्टला लांबीच्या दिशेने ढिलाई आल्याचं सांगतो.

एकाच गिअरमध्ये आवाज असेल तर त्या जोडीचे दात किंवा त्या गिअरखालचं नीडल बेअरिंग. सगळ्या गिअरमध्ये असेल तर शाफ्टची मुख्य बेअरिंग. तीन शाफ्टच्या गिअरबॉक्समध्ये यात एक फार उपयोगी खूण आहे: ज्या गिअरचं गुणोत्तर १:१ असतं, पाच गिअरच्या गाडीत बहुधा चौथा, त्यात इनपुट आणि आउटपुट थेट जोडले जातात आणि लेशाफ्टवर भार उरत नाही. त्या गिअरमध्ये आवाज एकदम कमी झाला तर लेशाफ्टची बेअरिंग किंवा दात गेलेले आहेत. दोन शाफ्टच्या गिअरबॉक्समध्ये ही सोय नाही. तिथे दुसरी खूण पाहायची: अनेक रचनांत पाचवा गिअर मुख्य केसिंगच्या बाहेर, टोकाच्या झाकणाखाली असतो. तेल कमी झालं की आधी तोच कोरडा पडतो. पाचव्यातच घूं येत असेल तर कोणताही पाना हातात घेण्याआधी तेलाची पातळी बघा.

रिव्हर्सची घूं मात्र बहुतेक गाड्यांत नैसर्गिक असते. त्याचे दात सरळ कापलेले असतात आणि सरळ दात ओरडतातच. तो आवाज वर्षानुवर्षं तसाच असेल तर सोडून द्या.

आता साधारण ६० किमी वेगावर क्लच दाबा, न्यूट्रल करा आणि गाडी तशीच वाहू द्या. इंजिन बंद करू नका, ब्रेकचा बूस्टर आणि स्टिअरिंगची मदत जाईल. आवाज तसाच राहिला आणि वेगाबरोबर उतरत गेला, तर तो आउटपुट शाफ्ट, डिफरन्शिअल, चाकाचं बेअरिंग किंवा टायर यांपैकी कशाचा तरी आहे. आवाज थांबला, तर तो इनपुट बाजूचा किंवा भाराखाली येणारा आहे.

चाकाचं बेअरिंग वेगळं काढणं सोपं आहे. त्याच वेगात गाडी हलकेच डावी-उजवीकडे वळवा. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्या बेअरिंगवर, आणि उलट. टायरचा आवाज रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की लगेच बदलतो, गिअरबॉक्सचा बदलत नाही. वळणावर पूर्ण स्टिअरिंग फिरवून निघताना टकटक आली तर ती ड्राइव्हशाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) बाहेरच्या सीव्ही जॉइंटची (वळत्या सांध्याची).

फेऱ्या मोजून भाग ओळखणं

ज्यांच्या हातात फोन आहे त्यांच्याकडे आज एक चांगलं साधन आहे. आवाज रेकॉर्ड करून त्याची वारंवारता दाखवणारं कुठलंही ॲप चालेल. उदाहरण घेऊ. टायरचा घेर १.८ मीटर, अंतिम गुणोत्तर ४ (चाकाच्या एका फेऱ्यामागे आउटपुट शाफ्टचे चार), तिसऱ्या गिअरमध्ये इनपुटवर २९ दात आणि आउटपुटवर ३८ दात, वेग ६० किमी. चाक सेकंदाला सुमारे ९ फेरे घेतं. आउटपुट शाफ्ट त्याच्या चौपट, म्हणजे ३७. इनपुट शाफ्ट सुमारे ४८, इंजिनच्या भाषेत मिनिटाला जवळपास २,९०० फेऱ्या.

आता ऐकलेल्या आवाजाशी ताडून पाहा. सेकंदाला ९ ठोके म्हणजे चाक, ड्राइव्हशाफ्ट किंवा डिफरन्शिअलचा मोठा गिअर. ३७ म्हणजे आउटपुट शाफ्टवर एक तुटका दात. ४८ म्हणजे इनपुटवर. अखंड शिट्टी सुमारे १,४०० हर्ट्झवर असेल तर ती तिसऱ्या गिअरच्या दातांच्या भिडण्याची, कारण ३७ गुणिले ३८ तेवढेच होतात. बॉल बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर खड्डा पडला असेल तर ठोक्यांची संख्या ढोबळमानाने ०.४ गुणिले गोळ्यांची संख्या गुणिले शाफ्टचे फेरे इतकी येते; ९ गोळ्या असतील तर आपल्या उदाहरणात इनपुट शाफ्टसाठी १७३ च्या आसपास. आपल्या गाडीचे दात आणि गुणोत्तरं सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतात. हे गणित अगदी बिनचूक जुळायची गरज नाही. ९ आणि ३७ यांत गोंधळ होत नाही, आणि एवढ्यावरून आवाज चाकाच्या फेऱ्याशी बांधलेला की गिअरबॉक्सच्या शाफ्टशी, हा वाद मिटतो.

गाडी उचलून स्टेथोस्कोपने ऐकायचं असेल तर गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर असावी आणि खालचे सस्पेन्शन आर्म आधारावर टेकलेले असावेत. चाकं लोंबकळत ठेवली की ड्राइव्हशाफ्ट तिरके होतात, सीव्ही जॉइंट स्वतःच खडखडतात आणि तपास भरकटतो. फिरत्या चाकाजवळ सैल कपडे नकोत, हातही नेऊ नका.

आधी तेल

तेलाची तपासणी सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त वेळा तीच टाळली जाते. पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून तेल कोमट करा, गाडी चारही बाजूंनी सारखी उचला. आधी भरायचा प्लग उघडा, मगच खालचा ड्रेन प्लग. उलट केलं आणि वरचा प्लग जाम निघाला तर गाडी तेलाशिवाय अडकून पडेल.

निघालेलं तेल मोजपात्रात मोजा. पुढची चाकं चालवणाऱ्या लहान गाड्यांत साधारण २ ते २.५ लिटर असतं. मॅन्युअलमध्ये २.२ लिटर लिहिलंय आणि निघालं १.४, तर अर्धं निदान झालं. आता गळती शोधायची.

ड्रेन प्लगच्या चुंबकावर काजळासारखा मऊ, करडा लेप असणं सामान्य आहे. बोटांत चुरल्यावर कण टोचले, पातळ पापुद्रे किंवा दाताचा तुकडा निघाला, तर बेअरिंगचं कडं सोलवटतंय किंवा दात तुटलाय. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून तेल पांढऱ्या कापडातून गाळा आणि उन्हात धरा. सोनेरी चकाकी दिसली तर सिंक्रो रिंग (गिअर टाकताना दोन भागांचा वेग जुळवणारी पितळी कडी) झिजतायत. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, बहुधा ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवेच्या छिद्रातून) किंवा साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यावर. अशी बेअरिंग बाहेरून ठीक दिसली तरी गंजाचे ठिपके घेऊन बसलेली असतात.

तेलाची जात मॅन्युअलप्रमाणेच. जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर तेलाचे दर्जे; जीएल-५ हा जीएल-४ चा सुधारित प्रकार आहे हा समज चुकीचा आहे. जीएल-५ मध्ये अतिदाबासाठीची गंधक-फॉस्फरसची रसायनं साधारण दुप्पट असतात, ती हायपॉइड (दात एकमेकांवर घसरत भिडणाऱ्या) डिफरन्शिअलसाठी. सिंक्रोला मात्र शंकूवर घर्षण हवं असतं. जास्त निसरड्या तेलात रिंग वेळेवर पकड घेत नाही आणि गिअर करकरतो. काही मिश्रणांतलं सक्रिय गंधक पितळेलाही खातं. मॅन्युअलमध्ये ७५डब्ल्यू-८० लिहिलं असेल तर "जरा जाड टाका, आवाज दबेल" हा सल्ला ऐकू नका. जाड तेल नीडल बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं, थंडीत गिअर अडतात, आणि बेअरिंगचा आवाज फक्त काही आठवडे लपतो. काही गिअरबॉक्सना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) किंवा खास एमटीएफ (मॅन्युअल गिअरबॉक्सचं तेल) लागतं. तिथे साधं गिअर ऑइल चालत नाही.

भरताना सपाट जागी गाडी ठेवून भरायच्या भोकाच्या कडेवरून तेल ओघळेपर्यंत भरा आणि ओघळ थांबू द्या. जास्त भरलं तर फेस होतो आणि इनपुट सीलमधून तेल क्लच प्लेटवर जातं. दोन्ही प्लगचे वॉशर नवे टाका. केसिंग ॲल्युमिनियमचं असल्याने आटे लवकर जातात, त्यामुळे प्लग टॉर्क पान्यानेच आणि दिलेल्या आकड्यापर्यंतच आवळा.

आयडलिंगचा खडखडाट

न्यूट्रलमध्ये सुट्ट्या नाण्यांसारखा खळखळाट, क्लच दाबला की बंद, फेऱ्या वाढवल्या की बंद: हा गिअरच्या मोकळ्या दातांचा आवाज आहे. इंजिन एकसारखं फिरत नाही, प्रत्येक स्फोटाला धक्का देतं. कमी फेऱ्यांवर आणि डिझेलमध्ये हा धक्का मोठा असतो. तो शोषायचं काम क्लच प्लेटच्या डॅम्पर स्प्रिंग आणि असेल तर ड्युअल मास फ्लायव्हील (स्प्रिंगने जोडलेल्या दोन भागांचं फ्लायव्हील) करतं. ते थकले की धक्का थेट गिअरच्या दातांपर्यंत जातो.

फ्लायव्हीलची खूण म्हणजे इंजिन बंद करताना किंवा सुरू होताना येणारा धप्प असा ठोका. क्लच काढल्यावर फ्लायव्हीलचा दुय्यम भाग हाताने फिरवून आणि हलवून ढिलाई मोजता येते. मर्यादा उत्पादकाच्या तक्त्यात प्रत्येक फ्लायव्हीलसाठी वेगळी असते. ड्युअल मास काढून साधं फ्लायव्हील बसवल्यानंतर हा आवाज सुरू झाला असेल, तर गिअरबॉक्स कितीदा उघडला तरी तो जाणार नाही. स्वस्त क्लच संचात डॅम्परची आतली मऊ स्प्रिंग नसते, तिथेही हेच होतं. क्लच बदलल्यानंतर लगेच सुरू झालेल्या आवाजात आधी बदललेल्या क्लचकडेच पाहा. इंजिनचं आयडलिंग कमी किंवा असमान असेल तर तेही आधी दुरुस्त करा.

गिअर टाकताना करकर

एकाच गिअरला करकर, बहुधा दुसऱ्याला, तर त्याची सिंक्रो रिंग. सगळ्यांना करकर, तर क्लच पूर्ण सुटत नाही. खात्री करायला आयडलिंगवर पेडल तळाशी दाबून पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. रिव्हर्सला अनेक गाड्यांत सिंक्रो नसतो, म्हणून एवढं थांबूनही करकरला तर इनपुट शाफ्ट अजून फिरतोय. हायड्रॉलिकमधली हवा, ताणलेली केबल, गंजलेल्या स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा), वाकलेली प्लेट किंवा जाम पायलट बेअरिंग, यांपैकी एक असणार. यात गिअरबॉक्सचा दोष नाही, पण दुर्लक्ष केलं तर काही महिन्यांत सिंक्रोही जातात.

उघडल्यावर

बॅटरीची ऋण तार आधी सोडा. लहान गाडीचा गिअरबॉक्सही ३५ ते ५० किलोंचा असतो. ट्रान्समिशन जॅकशिवाय उतरवू नका. काढताना आणि बसवताना त्याचं वजन इनपुट शाफ्टवर, म्हणजे क्लच प्लेटच्या बॉसवर, लोंबकळू देऊ नका. तेवढ्याने प्लेट वाकते आणि मग गाडी उठताना थरथरते. क्लचची धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

बेअरिंग धुऊन, एक थेंब तेल टाकून, बोटांनी हळू फिरवा. हवेच्या झोताने गरगर फिरवू नका. खड्डे, सोलवटलेला पट्टा, उष्णतेने निळसर झालेलं कडं, यांपैकी काहीही दिसलं तर बेअरिंग बाद. सिंक्रो रिंग शंकूवर हाताने दाबून बसवा आणि रिंग व गिअरच्या दातांमधली फट फीलर गेजने तीन ठिकाणी मोजा. अनेक रचनांत नव्या रिंगला ती १ मिमीच्या आसपास आणि शेवटची मर्यादा ०.५ मिमीजवळ असते. नेमका आकडा मॅन्युअलचा.

नवं बेअरिंग बसवताना जोर ज्या कड्याला घट्ट बसायचंय त्यालाच द्या: शाफ्टवर बसवताना आतल्या कड्याला, केसिंगमध्ये बसवताना बाहेरच्या कड्याला. उलट केलं तर दाब गोळ्यांमधून जातो, कड्यावर सूक्ष्म खळगे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या काही शे किलोमीटरांतच बोलायला लागतं. हातोडीपेक्षा उष्णता बरी. बेअरिंग ८० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की शाफ्टवर सहज बसतं. १२० च्या वर नेऊ नका.

परत येणाऱ्या आवाजाची मुळं

इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

टेपर रोलर (शंकूसारख्या रोलरचं) बेअरिंग असलेल्या गिअरबॉक्समध्ये शिम महत्त्वाचे. नवी बेअरिंग टाकली आणि जुनाच शिम ठेवला, तर प्रीलोड (बसवतानाच बेअरिंगवर दिलेला दाब) नशिबावर सोडल्यासारखं आहे. कमी पडला तर शाफ्ट लांबीच्या दिशेने हलतो, दात चुकीच्या जागी भिडतात आणि शिट्टी सुरू होते. जास्त झाला तर बेअरिंग तापून निळं पडतं. डायल गेज लावून शाफ्टची ढिलाई मोजायची, त्यात मॅन्युअलने सांगितलेला प्रीलोड मिळवायचा आणि त्या जाडीचा शिम निवडायचा. मोजताना शाफ्ट काही फेरे फिरवून रोलर नीट बसू द्यावे लागतात, नाहीतर आकडा खोटा येतो.

एका बेअरिंगचे पापुद्रे तेलातून सगळीकडे गेलेले असतात. त्यामुळे तुटलेलं एकच बदलणं म्हणजे उरलेल्यांना आत खरखरीत तेलावर चालवणं. त्या शाफ्टची दोन्ही टोकांची बेअरिंग एकत्र बदला, केसिंग पूर्ण रिकामं करून केरोसीनने धुवा, तेल वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकच्या पन्हळी आणि शाफ्टमधली तेलाची भोकं साफ करा, चुंबक पुसा.

इंजिन आणि बेल हाउसिंग एका रेषेत ठेवणाऱ्या दोन्ही डॉवेल पिना जागेवर आहेत का ते पाहा. मागच्या दुरुस्तीत एखादी हरवलेली असते, आणि बोल्ट आवळलेले दिसल्याने कोणाला कळतही नाही. इनपुट शाफ्ट तिरका बसला की पायलट आणि इनपुट बेअरिंग पुन्हा पुन्हा जातात. बेल हाउसिंग वेगळी असलेल्या गाड्यांत फ्लायव्हीलवर डायल गेज लावून तिचं मध्याचं भोक क्रँकशाफ्टशी जुळतंय का ते मोजता येतं. केंद्रातला फरक ०.१३ मिमीच्या वर गेला तर तो सुधारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सील नवं टाकूनही गळत असेल तर सील जिथे घासतं तो ड्राइव्हशाफ्टचा पृष्ठभाग पाहा. तिथे खोबण पडली असेल तर नवी कड त्याच खोबणीत बसते. सील मूळ जागेपेक्षा दीड-दोन मिमी आत किंवा बाहेर बसवण्याची सोय असेल तर तसं करा, नसेल तर शाफ्टचा तो भाग बदला. ब्रीदर बुजलेला असेल तर आत दाब वाढून चांगलं सीलही तेल टाकतं. तो फुंकर मारून मोकळा आहे ना ते बघणं दहा सेकंदांचं काम आहे.

तुटलेली माउंटिंग, सुटलेलं उष्णतारोधक पत्रं आणि एक्झॉस्टचं निघालेलं रबर यांचाही आवाज गिअर लिव्हरमधून थेट केबिनमध्ये येतो. लिव्हर हाताने घट्ट धरल्यावर आवाज बंद होत असेल तर आधी लिव्हरचे बुश बघा.

मागची चाकं चालवणारी गाडी ती चाकं रस्त्यावर ठेवून, न्यूट्रलमध्ये, लांबवर ओढून नेली गेली असेल तर तेही विचारून घ्या. तेव्हा आउटपुट शाफ्ट फिरतो, पण तेल उडवणारा लेशाफ्ट थांबलेला असतो आणि बेअरिंग कोरडी चालतात. अशा वेळी प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) सोडावा लागतो. गाडी चालवताना हात गिअर लिव्हरवर टेकवून ठेवला तर सिलेक्टर फोर्क झिजतो, पाय क्लचवर ठेवला तर रिलीज बेअरिंग. या सवयी तशाच राहिल्या तर नवे भागही त्याच वाटेने जातात.

किती दिवस चालवता येईल

रिलीज बेअरिंगची हलकी चिवचिव किंवा आयडलिंगचा खडखडाट असेल तर काम ठरवून, सवडीने केलं तरी चालतं. इनपुट किंवा आउटपुट बेअरिंगची घरघर भाराखाली वाढत असेल तर लांबचा प्रवास टाळा. गिअर आपोआप सुटत असेल, लिव्हर भाराखाली पुढे-मागे हलत असेल, एकसारखे ठोके पडत असतील किंवा चुंबकावर तुकडे निघाले असतील, तर गाडी तिथेच थांबवा आणि उचलून न्या. बेअरिंग फुटून शाफ्ट जागेवरून सरकला की दात एकमेकांवर चढतात, केसिंग फुटतं आणि चाकं अचानक जखडू शकतात.

जोडणी झाल्यावर इंजिन लावण्याआधी शाफ्ट हाताने फिरवून सगळे गिअर एकेक करून टाकून पाहा. सुरुवातीचे ५०० किमी जास्त भार आणि जास्त फेऱ्या टाळून चालवा. मग तेल काढून चुंबक पुन्हा बघा: बारीक करडा लेप चालेल, चकाकणारा एकही पापुद्रा चालणार नाही. हे तेल टाकून द्या, त्याच जातीचं नवं भरा आणि दोन्ही प्लग व सीलच्या कडा कोरड्या पुसून ठेवा, म्हणजे पुढच्या आठवड्यात ओल दिसली तर ती कुठून आली हे कळेल.